एक इंची चिमटा

कार्बनच्या चिमट्याची एक वाईट खोड आहे: तो कुरकुरत नाही. लोखंडी चिमटा खड्ड्यात आपटला की वाकतो, हँडल एका बाजूला ओढायला लागतं, मालकाला कळतं. कार्बनचा चिमटा मात्र शेवटपर्यंत चेहऱ्यावर काही दाखवत नाही आणि एके दिवशी एकदम जातो. त्यामुळे माझ्या सायकलीच्या पुढच्या चिमट्यावर, ब्रेकच्या बोल्टाखाली, केसाएवढी रेघ दिसली तेव्हा मी ती नखानं खरवडून पाहिली, भिंगातून पाहिली, आणि रुपयाच्या नाण्यानं वरपासून खालपर्यंत टकटक केली. सगळीकडे आवाज खणखणीत, रेघेपाशी बद्द. तुळजापूरचा घाट उतरताना डोक्यात तो बद्द आवाज घेऊन बसण्यात अर्थ नव्हता. चिमटा बदलायचं ठरलं.

सायकल नव्वदच्या दशकाच्या शेवटची, इटलीच्या कोलंबस नळ्यांची, पुण्यातून जुनीच घेतलेली. मिस्त्रीनं ती उलटी केली, चाक काढलं आणि दोन मिनिटांत निकाल दिला.

"सर, ह्यो काढून टाका. अ‍ॅटलसचा चिमटा टाकतो. वरून ट्रॅक्टर गेला तरी वाकायचा न्हाई."

त्याच्या म्हणण्यात तथ्य होतं. पण अ‍ॅटलसचा चिमटा अठ्ठावीस इंची जाड चाकासाठी. त्यात माझं चाक बसलं असतं आणि शेजारी कडब्याची पेंढीही. (त्या अ‍ॅटलसचा साहिबाबादचा कारखाना २०२० साली ३ जूनला, म्हणजे नेमका जागतिक सायकल दिनी बंद पडला. आमच्या मिस्त्रीकडे सुटे भाग अजून आहेत.)

खरी अडचण इंचाची. माझ्या सायकलीच्या तोंडात चिमट्याची जी नळी जाते ती एक इंची, म्हणजे २५.४ मिलिमीटर. नव्वदच्या दशकात रस्त्यावरच्या सायकली हळूहळू २८.६ मिलिमीटरच्या नळीवर गेल्या, आणि आता तर ती नळी खाली दीड इंचापर्यंत रुंदावत जाते. जाड नळी बारीक तोंडात जात नाही. तीन मिलिमीटरांमुळे बाजारातले बहुतेक सगळे चिमटे बाद. जे एक इंची उरतात त्यांतल्या बहुतेकांना वर आटे नसतात. म्हणजे तोंडातला छऱ्यांचा जोड, हेडसेट, नवा. हेडसेट नवा म्हणजे हँडल धरणारा स्टेम नवा. नव्या स्टेमचं तोंड मोठं, म्हणून हँडल नवं. बायको शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "जुनं काय राहतंय म्हणा की? घंटी?"

शेजारच्या अण्णांनी किंमत विचारली. मी थोडी कमी करून सांगितली, तरी ते खाटेवरून उठून बसले. "अहो, एवढ्यात उस्मानाबादी शेळी येती. वर्षात जुळी देती. ह्यो चिमटा काय देणार?" जिल्ह्याचं नाव बदलून धाराशिव झालं तरी शेळीचं बदललेलं नाही, आणि तिच्या हिशेबापुढे भल्याभल्यांचा हिशेब टिकत नाही. मी गप्प बसलो.

शाळेत विज्ञान शिकवल्यामुळे व्हर्निअर घरात आहे. चिमट्याच्या मुळाशी जी पोलादी कडी ठोकून बसवतात ती इटालियन मापात २६.४ आणि जुन्या जपानी मापात २७ मिलिमीटर. फरक ०.६ चा, पण घट्ट बसणारी आणि खुळखुळणारी कडी यांतला सगळा फरक तेवढाच. मग चिमट्याचा पुढचा बाक. चाकाचा मध्य नळीच्या रेषेपासून किती पुढे, यावर सायकलीचा स्वभाव ठरतो. हल्ली बाक बहुधा ४३ किंवा ४५ मिलिमीटर असतो. जुन्या लांब पल्ल्याच्या सायकलीवर ५० चा असला आणि जागी ४३ चा घातला, तर चाकाची जमिनीवरची टेकण्याची जागा नळीच्या रेषेच्या सात-आठ मिलिमीटर आणखी मागे पडते; सायकल सरळ रेषेत ठाम होते आणि वळायला जरा आळशी. आमच्याकडे उसाच्या ट्रॉलीमागून खड्डे चुकवत जायचं असतं. आळशी हँडल परवडत नाही. मी ४५ वर खूण केली.

या मापाचं एवढं महत्त्व आहे याची खातरजमा डेव्हिड जोन्स नावाच्या इंग्रज रसायनशास्त्रज्ञानं केली. कुणालाच चालवता येणार नाही अशी सायकल बनवायची त्याला हौस. फिरत्या चाकाचा तोल रद्द करून पाहिला, तरी सायकल चाललीच. शेवटी पुढचं चाक चार इंच आणखी पुढे सरकवलं तेव्हा कुठे ती बिघडली. १९७० साली त्यानं हे छापलं. लोक सायकल सुधारण्यात आयुष्य घालवतात. ती नीट बिघडवायलाही अभ्यास लागतो, हे मला फार आवडलं.

राहिलं वजन. पोलादी चिमटा साधारण पाऊण किलोचा, पूर्ण कार्बनचा त्याच्या निम्म्यावर. म्हणजे वाचणार तीन-साडेतीनशे ग्रॅम. धाराशिवात राहून आणि इथले गुलाबजाम खाऊन कुणी तीनशे ग्रॅमची भाषा करू नये. शिवाय पूर्ण कार्बनच्या नळीवर स्टेम जपून आवळायचा, हँडल उंच करायला कड्या किती घालायच्या यालाही मर्यादा. माझी कंबर मात्र दरवर्षी एक कडी जास्त मागते. धातूची नळी म्हणजे अभय असंही नाही: २००६ च्या पॅरिस-रुबे शर्यतीत जॉर्ज हिंकापीची नळी फरसबंदीवर तुटली, आणि ती अ‍ॅल्युमिनियमची होती. म्हणून पाय कार्बनचे, नळी पोलादाची, २८ मिलिमीटरचं टायर मावेल अशी जागा. वजन मधलं. दुकानदार फोनवर म्हणाला, असं आता कुणी मागत नाही. त्यामुळेच बहुधा त्याच्याकडे एक पडून होता.

चिमटा आला तेव्हा नळी वितीपेक्षा लांब. कापायची एकदाच, जास्त कापली तर परत जोडता येत नाही. मी हँडल लावून, सायकलीवर बसून, कंबरेला विचारून खूण केली, मग दोन कड्यांची जागा वाढवून पुन्हा केली. मिस्त्री करवत घेऊन उभा.

"कापू का सर?"

"काप."

तुकडा खाली पडायच्या आत त्यानं झेलला, पान्याच्या दांड्यावर चढवून पाहिला आणि खिशात टाकला. "ह्यो माझा. मजुरीत धरा."