सेट झालेला मुलगा

सासरे (इंग्रजीचे निवृत्त प्राध्यापक) : सूनबाई, ज्या भाषेतील ‘सेट’ या अवघ्या तीन अक्षरांच्या क्रियापदाला ऑक्सफर्ड इंग्रजी कोशाच्या 1989 सालच्या 20 खंडांच्या दुसऱ्या आवृत्तीत 430 अर्थ द्यावे लागले आणि ज्याच्या एका नोंदीपायी सुमारे 60 हजार शब्द खर्ची पडले, त्या भाषेच्या श्रीमंतीविषयी शंका घेणे हे निव्वळ अज्ञानाचे लक्षण होय.

सून (स्थापत्य अभियंता) : श्रीमंती कबूल आहे, बाबा, परंतु एकाच गड्याला 430 कामे सांगितली जात असतील, तर त्यावरून घर श्रीमंत ठरते की मालक चिक्कू ठरतो, याचा खुलासा त्या 60 हजार शब्दांत कोठे केलेला आहे काय?

सासरे : यास चिक्कूपणा म्हणत नाहीत, सामर्थ्य म्हणतात. इंग्रज मनुष्य गजर सेट करतो, मोडलेले हाड सेट करतो, परीक्षेचा पेपर सेट करतो, अंगठीत हिरा सेट करतो आणि संध्याकाळी त्याचा सूर्यही सेट होतो.

सून : मराठीत गजर लावतात, हाड बसवतात, पेपर काढतात, हिरा जडवतात आणि सूर्य मावळतो; म्हणजे पाच कामांना पाच जाणती माणसे असतात, तर तिकडे हाड बसवायलाही तोच गडी आणि सूर्य बुडवायलाही तोच.

सासरे : व्युत्पत्ती, म्हणजे शब्दाचे मूळ, ठाऊक नसले की अशी थट्टा सुचते. ‘सेट’ हे क्रियापद बसणे या अर्थाच्या ‘सिट’चे प्रयोजक रूप, म्हणजे दुसऱ्याकडून क्रिया करवून घेणारे रूप आहे; समूह या अर्थाचे ‘सेट’ हे नाम मात्र अनुयायांचा पंथ या अर्थाच्या ‘सेक्टा’ या लॅटिन शब्दापासून जुन्या फ्रेंचमार्गे आलेले असून, ही दोन भिन्न कुळे पुढे एका रूपात मिसळून गेली.

सून : म्हणजे सराफाकडे गळ्यातले आणि कानातले मिळून जो सेट घेतला जातो, तो मुळात पंथ आहे तर! सोन्याचा आजचा भाव पाहता त्या पंथात शिरणारा संन्यासी होऊनच बाहेर पडतो, हे मात्र पटण्यासारखे आहे. शिवाय कोशाच्या तिसऱ्या आवृत्तीचे काम चालू असता ‘रन’ या क्रियापदाचे 645 अर्थ भरले आणि ‘सेट’चा पहिला क्रमांक गेला, ही बातमी 2011 सालीच आलेली आहे, बसणाऱ्याच्या कुळातला बसून राहिला आणि धावणारा पुढे गेला, यात नवल ते कसले?

सासरे : क्रमांक गेला तरी तोही इंग्रजीच्याच घरात राहिला. मराठीत असे एक तरी क्रियापद दाखवावे.

सून : भूक लागते, झोप लागते, ठेच लागते, विरजण लागते, आंब्याला मोहोर लागतो, घाटात बस लागते, परीक्षेचा निकाल लागतो, नोकरी लागते, पोराला नाद लागतो, आणि एवढे सांगूनही समोरच्याला पटत नसेल तर तो आपला कोण लागतो, असेही विचारता येते.

सासरे : तो वाक्प्रचारांचा पसारा झाला, त्याला शास्त्र म्हणत नाहीत.

सून : शास्त्रच हवे असेल तर ते बांधकामावर मिळेल. सिमेंटमध्ये पाणी पडल्यानंतर ते किती वेळात सेट होते, हे व्हिकॅटच्या उपकरणात सुई किती खोल रुतते यावरून मोजतात, आणि साध्या पोर्टलंड सिमेंटची प्राथमिक वेळ 30 मिनिटांहून कमी व अंतिम वेळ 600 मिनिटांहून अधिक असता कामा नये, असे भारतीय मानक सांगते. तात्पर्य, सेट होण्याला मुदत असते.

सासरे : सर्वत्र नसते. विम्बल्डनमध्ये 2010 साली इस्नर आणि माहू यांचा सामना तीन दिवस चालला आणि त्यातला एकटा पाचवा सेट आठ तासांहून अधिक वेळ खेळला जाऊन 70–68 असा सुटला.

सून : तरीही तो सुटला, बाबा! या घरातला सेट अजून सुटायचा आहे. लग्नाच्या बोलणीत येथून ‘मुलाचे सेट झालेले आहे’ असे सांगण्यात आले, त्याचा अर्थ वधूपक्षाने मुलगा मार्गी लागला असा घेतला. प्रत्यक्षात ते विधान सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातर्फे घेतल्या जाणाऱ्या राज्य पात्रता परीक्षेविषयी होते, जिचे इंग्रजी आद्याक्षरांनी बनलेले नाव सेट असे आहे आणि जी उत्तीर्ण झाल्याने सहायक प्राध्यापकपदाची पात्रता मिळते, पद मिळत नाही, हा खुलासा मांडव उतरल्यावर झाला.

सासरे : विधान अक्षरशः खरे होते. अनेकार्थी शब्दाचा अर्थ संदर्भावरून लावावा, हा भाषाशास्त्राचा साधा नियम आहे.

सून : संदर्भ कांदेपोह्यांचा होता, परीक्षेचा नव्हता. त्या बैठकीत ‘तासिका तत्त्व’, म्हणजे दरमहा वेतनाऐवजी घेतलेल्या तासांपुरतेच मानधन देण्याची पद्धत, हा एकच अर्थ असलेला शब्द कोणी उच्चारला असता, तर कोश उघडण्याची वेळच आली नसती.

सासरे (आवाज चढवून) : म्हणजे या घराने फसवणूक केली, असा आरोप आहे काय? प्राध्यापकभरती रखडली, हा मुलाचा अपराध?

सून : मुलाचा मुळीच नाही. सकाळी एका महाविद्यालयात आणि दुपारी दुसऱ्या महाविद्यालयात तास घेऊन, सत्र संपल्यावरही मानधनाच्या बिलाची वाट पाहणाऱ्या माणसाला कोण बोल लावील? बोल आहे तो त्याला 430 अर्थांच्या आड उभे करून लग्न जुळवणाऱ्यांना.

सासरे : जागा निघतील. नोकरीही लागेल.

सून : यातले ‘लागेल’ कोणते घ्यायचे, बाबा, निकाल लागतो त्यातले की ठेच लागते त्यातले?

सासरे : ते संदर्भावर अवलंबून राहील.