फाइल घरीच ठेवण्याबाबत

तक्रार फार मोठी नाही. सोसायटीच्या वार्षिक सभेची नोटीस टाइप केली आहे आणि ती ज्या संगणकावर टाइप केली त्याच संगणकात ठेवायची आहे. संगणक आपला, टेबल आपलं, विजेचं बिलही आपणच भरतो. पण वर्डमध्ये 'सेव्ह' म्हटलं की समोर येणाऱ्या चौकटीत पहिला मान वनड्राइव्हचा, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवरच्या जागेचा. आपल्याच संगणकाचं नाव हवं असेल तर 'मोअर ऑप्शन्स'मध्ये जाऊन हुडकायचं. दुसऱ्याच्या पार्किंगमध्ये स्कूटर लावू नये, हा मजकूर एवढा मौल्यवान आहे याची आमच्या कमिटीला कल्पना नव्हती.

तरी निदान सेव्ह करीपर्यंत फाइल आपली असायची. 2025च्या ऑगस्टमध्ये मायक्रोसॉफ्टने तीही अडचण दूर करायला घेतली. विंडोजवरच्या वर्डमध्ये नवी फाइल उघडली की ती आपोआप क्लाउडवर जाईल आणि तिला तारखेचं नाव मिळेल, असं जाहीर झालं. सुरुवात चाचणी घेणाऱ्या मंडळींपासून. म्हणजे काय लिहायचं हे सुचण्याआधीच लिहिलेलं सुरक्षित.

या आग्रहामागचा हिशेब बघण्यासारखा आहे. वनड्राइव्हवर फुकट मिळते ती जागा 5 जीबी. पूर्वी ती 15 होती, 2016मध्ये 5 झाली. बाजारातल्या साध्या लॅपटॉपमध्ये हल्ली 512 जीबी असतात. नवा लॅपटॉप सुरू करताना 'नेक्स्ट, नेक्स्ट' करत गेलं की डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स हे तिन्ही फोल्डर बहुधा क्लाउडला जोडले जातात. मग भाच्याच्या मुंजीचे व्हिडिओ डेस्कटॉपवर उतरवले की 5 जीबी भरतात आणि जागा संपली, आता पैसे भरा, अशी सूचना येते. लॅपटॉपात तेव्हा चारशे जीबी मोकळे असतात. घरात लोखंडी कपाट रिकामं, साड्या मात्र शेजारणीच्या पिशवीत, आणि पिशवी भरली म्हणून शेजारीण भाडं मागते, अशातला हा प्रकार. भाडं दिलं नाही तर त्याच खात्यावरची आउटलुकची मेलसुद्धा अडते. मुंजीचा आणि मेलचा संबंध काय, असं विचारणारा माणूस जुन्या वळणाचा समजावा.

पण खरं दुःख ऑटोसेव्हचं, म्हणजे न विचारता आपोआप सेव्ह होण्याचं. मागच्या वर्षीची नोटीस उघडायची, तारीख बदलायची आणि नव्या नावाने ठेवायची, ही महाराष्ट्रातल्या यच्चयावत सेक्रेटऱ्यांची कार्यपद्धती आहे. क्लाउडवरच्या फाइलवर ती चालत नाही. तारीख बदलली की काही सेकंदांत जुनी फाइलच बदलून जाते, नवं नाव द्यायला आपण पोचेपर्यंत मागच्या वर्षीची सभा इतिहासजमा झालेली असते. 'व्हर्जन हिस्टरी'त जाऊन जुनी प्रत परत आणता येते, हे खरं. पण असं काही असतं हे ज्याला ठाऊक आहे, तो माणूस सहसा सेक्रेटरी होत नाही.

एवढ्या तत्परतेची खरी गरज कुठे? जिथे दुपारी वीज जाते तिथे. तिथे अट अशी की ऑटोसेव्ह फक्त क्लाउडवरच्या फाइलला. घरच्या फाइलसाठी ते बटण सरकवलं की आधी फाइल वर चढवा, असं नम्रपणे सांगण्यात येतं. न चढवणाऱ्यांसाठी ऑटोरिकव्हर आहे, ते मूळ सेटिंगप्रमाणे दर 10 मिनिटांनी तात्पुरती प्रत ठेवतं. पण विजेबरोबर राउटरही बंद पडतो. ही अट ठरवणाऱ्यांच्या गावाला वीज जात नसावी.

न्यायाने बोलायचं तर क्लाउड वाईट नाही. 26 जुलै 2005ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला. त्या पुरात तळमजल्यावरचे ज्यांचे संगणक पाण्यात गेले, त्यांना दुसरीकडे ठेवलेल्या प्रतीचं मोल सांगायला नको. दुसरीकडे प्रत हवीच. प्रत मात्र, मूळ नव्हे. इथे तर अनेकदा मूळ फाइलच वर राहते आणि संगणकात उरतं फक्त तिचं नाव, शेजारी ढगाचं चिमुकलं चित्र. झेरॉक्सवाला म्हणतो, पेनड्राइव्हवर आणा. पण नेट बंद असलं की त्या नावातून पेनड्राइव्हवर काहीही उतरत नाही. शिवाय क्लाउडवरून नको ती फाइल उडवली की संगणकातूनही उडते. बॅकअप म्हणतात तो हा नव्हे.

तेव्हा समस्त सेक्रेटरी, खजिनदार आणि लग्नपत्रिकेचा मजकूर करणाऱ्या मामालोकांना विनंती. वर्डमध्ये 'फाइल', मग 'ऑप्शन्स', मग 'सेव्ह' इथे जा. 'सेव्ह टू कॉम्प्युटर बाय डिफॉल्ट' अशी एक चौकट आहे, तिच्यात खूण करा. नवी फाइल आपोआप क्लाउडवर बनवण्याची खूण तिथेच दिसली तर ती काढा. घाईत असाल तर एफ-12 दाबा. जुनी, गरीब 'सेव्ह अ‍ॅज'ची खिडकी अजून तिथेच आहे. आणि मोठं अपडेट येऊन गेलं की या खुणा जागेवर आहेत ना, एवढं बघत चला.