आवाज कुणाला नकोय?

‘आवाज न करणारी छर्‍याची बंदूक कोणती घ्यावी?’ कोकणातला बागायतदार वानरांसाठी विचारतो. शहरातले सोसायटीचे सेक्रेटरी कबुतरांसाठी विचारतात. रानात फिरणारी पोरं ससा-तितराच्या रश्श्यासाठी विचारतात. तिघांची गरज वेगळी, अट मात्र एकच: कुणाला कळता कामा नये.

मी तिघांनाही सांगतो, घेऊ नका. आणि नुसतं तेवढं सांगून मोकळा होत नाही, कारणं देतो.

आधी बंदूक समजून घेऊ. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार ४.५ मिलिमीटर नळीची आणि २० ज्यूलपेक्षा कमी ताकदीची एअर रायफल आपल्याकडे विनापरवाना मिळते. नळी याहून मोठी किंवा ताकद याहून जास्त असली की परवाना लागतो. आवाज येतो तो नळीच्या तोंडातून सुटणाऱ्या हवेचा आणि आतल्या स्प्रिंगच्या दणक्याचा. छर्रा ध्वनीच्या वेगापेक्षा, म्हणजे सेकंदाला सुमारे ३४० मीटरपेक्षा जोरात गेला, तर हवेत वेगळा कडाका उठतो तो आणखी. जाहिरातीत मोठमोठे वेग छापलेले असतात. ते बहुतेकदा हलक्या मिश्रधातूच्या छर्‍यावर मोजलेले असतात आणि नेमका तोच छर्रा जास्त आवाज करतो. शिशाचा जड छर्रा सावकाश जातो, आवाज कमी करतो, नेमही चांगला धरतो. दाबून भरलेल्या हवेवर चालणाऱ्या पीसीपी बंदुकीचा फटका मोठा असतो, म्हणून तिच्या नळीवर आवाज दाबणारं नळकांडं बसवतात. साध्या स्प्रिंगच्या बंदुकीला त्याची फारशी गरज पडत नाही.

म्हणजे स्प्रिंगची बंदूक आणि जड छर्रा. दुकानदाराचं काम इथे संपतं. आपलं इथून सुरू होतं.

इंग्लंडात विनापरवाना एअर रायफलची मर्यादा १२ फूट-पौंड, म्हणजे सुमारे १६ ज्यूल. आपल्यापेक्षाही कमी. तिथे लोक तिने ससे मारतात, गोठ्यातले उंदीर मारतात आणि ते कायद्यात बसतं. कमी आवाज हवा त्याचं कारणही सरळ आहे. एक उंदीर पडला तरी बाकीचे बिळात पळत नाहीत, गोठ्यातली गुरं बुजत नाहीत. पण तिथल्या जाणत्या नेमबाजांचा दंडक कडक आहे. ज्या अंतरावरून तुमचा प्रत्येक छर्रा इंचभर रुंदीच्या ठिपक्यात बसतो, तेवढंच तुमचं अंतर. बहुतेकांचं ते तीस-पस्तीस यार्डांच्या आत संपतं. नेम धरायचा तो डोक्यावरच. छर्रा असतो जेमतेम अर्ध्या ग्रॅमचा, डमरूसारखा मधे आवळलेला, मऊ शिशाचा. दीड-दोन किलोचा ससा त्याने जागीच मरायचा, तर तो मेंदूत जावा लागतो. पोटात गेला तर ससा बिळात शिरतो आणि तिथे तडफडत मरतो.

आता हीच बंदूक देऊन आपल्या बागायतदाराला माडाखाली उभं करा. वर दहा-पंधरा किलोचं वानर. मधे झावळ्या. जनावर क्षणभर एका जागी ठरत नाही. त्या छर्‍याने ते मरत नाही. छर्रा कातडी फोडून मांसात रुततो, कधी डोळ्यात जातो. टोळी त्या दिवसापुरती पांगते आणि पुन्हा येते. जखमी जनावर अंगात शिसं घेऊन हिंडत राहतं. बागेचं नुकसान तेवढंच राहतं, वर एक जिवंत यातना तयार होते.

मार्च २०१९ मध्ये इंडोनेशियातल्या आचे प्रांतात एका मळ्यात ओरांगउटानची मादी सापडली. वाचवणाऱ्यांनी तिचं नाव होप ठेवलं. एक्स-रे काढला तेव्हा अंगात एअरगनचे ७४ छर्रे दिसले. दोन्ही डोळे गेलेले. बरोबरचं तान्हं पिल्लू उपासमारीने दगावलं. ७४ छर्रे म्हणजे कुणीतरी किमान ७४ वेळा चाप ओढला. कानठळ्या बसवणारी बंदूक असती, तर पहिल्या दहा बारांतच कुणीतरी धावत आलं असतं. मुक्या बंदुकीचा खरा उपयोग हा असा असतो. मारणाऱ्याचा हात थांबवायला तिथे कुणी येत नाही.

आता रश्श्यासाठी विचारणाऱ्या पोरांकडे वळतो. ससा, तितर, लाव्हा आणि आपला राज्यपक्षी हरियल, हे सगळे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहेत. वानरंही आहेत. कायद्याच्या लेखी जखमी करणं आणि तसा प्रयत्न करणं हीसुद्धा शिकारच. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद. प्राणी पहिल्या अनुसूचीतला असेल तर तीन ते सात वर्षं. उपद्रवी प्राण्यांची जुनी पाचवी अनुसूची २०२२ च्या दुरुस्तीने गेली. आता एखादा प्राणी उपद्रवी ठरवायचा तर केंद्र सरकारने अधिसूचना काढायची, ठराविक भागापुरती आणि ठराविक मुदतीपुरती. बंदुकीला परवाना लागत नाही, म्हणून मारायला परवाना मिळाला असं होत नाही. दुकानदार पहिली गोष्ट आवर्जून सांगतो. दुसरी त्याने सांगायलाच हवी. काउंटरवर, ठळक मराठीत, बिल फाडण्याआधी.

‘मग .२२ घेऊ का?’ हा पुढचा प्रश्न. .२२ रिमफायर म्हणजे चाप ओढल्यावर ज्याच्या काडतुसाच्या बुडाच्या कडेवर दणका बसतो ते हत्यार. त्याला परवाना लागतो. ध्वनीच्या वेगाखालचं काडतूस घातलं की त्याचा आवाज बराच उतरतो, हे खरं. पण ताकद विनापरवाना एअर रायफलच्या सहापट तरी राहतेच, आणि नळी वर करून झाडलेली गोळी दीड मैलापर्यंत जाऊ शकते. कोकणात दीड मैलात माणसांच्या वाड्या येतात, शाळेची वाट येते, पाणंदीने घरी निघालेली बाई येते. शिशाची संथ गोळी कातळावर आपटली की उसळून भलतीकडे जाते. वानर माडावर असतं, म्हणजे तुमचा प्रत्येक बार आभाळाकडेच. त्यावर आवाज दाबणारं साधन लावायचा विचार असेल, तर बंदुकीचा आवाज कमी करणारी साधनं शस्त्र नियमांत थेट प्रतिबंधित वर्गात मोडतात. तो वेगळा आणि जड गुन्हा आहे.

सेक्रेटरी साहेबांना दोनच गोष्टी सांगतो. कबुतराच्या मागे समोरच्या इमारतीची खिडकी असते आणि खिडकीत माणसं असतात. चुकलेला छर्रा डोळा घेऊन जातो. दुसरं म्हणजे, सोसायटीत आलेली बंदूक कबुतरांवर थांबत नाही. ती मांजरांवर वळते, मग फाटकापाशी बसणाऱ्या कुत्र्यावर. जनावराला मारणं किंवा निकामी करणं याला भारतीय न्याय संहितेच्या ३२५ व्या कलमाने पाच वर्षांपर्यंत कैद आहे. गॅलरीला जाळी लावा, दाणे टाकणं बंद करा. खर्च एकदाचा, आणि काम कायमचं.

उंदीर-घुशींचं काय? त्याचं उत्तर मुंबईने फार पूर्वी शोधलंय. महापालिकेच्या कीटकनाशक विभागात रात्रपाळीचे मूषक संहारक आहेत. हातात काठी आणि विजेरी, खांद्यावर गोणी. रात्री बाजाराच्या मागच्या गल्लीत विजेरीचा झोत अंगावर पडला की उंदीर क्षणभर दिपतो, आणि त्याच क्षणी काठीचा एक फटका बसतो. रात्रीला तीस उंदरांचं उद्दिष्ट, सकाळी वॉर्डात मोजून द्यायचे. गटाराच्या कडेला रात्रभर उभं राहून हे काम करणाऱ्या माणसांची शहराला नावंही ठाऊक नाहीत. बंदूक विकत घेण्याच्या गप्पा मारणाऱ्यांनी आधी त्यांच्या हातमोज्यांची आणि पगाराची चौकशी करावी.

एअरगनशिवाय राहणं जमत नाही, असं म्हणणाऱ्यांनी अरुणाचलकडे पाहावं. शिकार ही तिथली पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. तिथल्या पूर्व कामेंग जिल्ह्यातल्या लुमडुंग गावी मार्च २०२१ मध्ये एअरगन परत करण्याची मोहीम सुरू झाली. तेव्हाचे वनमंत्री मामा नाटुंग यांनी आवाहन केलं आणि गावोगावच्या लोकांनी हजाराहून अधिक बंदुका आपणहून आणून दिल्या. शिकारीवर वाढलेल्या माणसांना बंदूक खाली ठेवता येते. आपल्याला तर ती अजून उचलायचीच आहे.

राहिला बागायतदार. त्याच्याशी मला भांडायचं नाही, कारण त्याचं दुःख सोळा आणे खरं आहे. वानरांची टोळी उतरली की शहाळी तोडून खाली टाकते, केळीचे घड ओरबाडते, एकेक आंबा चावून फेकते, कोवळी पालवी खुडून जाते. वर्षाचं पीक एका सकाळी जमिनीवर येतं. पूर्वी घरात माणसं होती, म्हणून राखण होत होती. गोफण, पत्र्याचा डबा, हाका, कुत्रा. या सगळ्यांचं बळ आवाजात होतं. जनावर आवाजाला भितं. जो बार ऐकूच येत नाही, त्याला टोळीने भ्यायचं कसं? आता घरातली पोरं मुंबई-पुण्याला गेली, मागे सत्तरीतले आई-बाप उरले, आणि राखणीला मजूर ठेवायचा तर बागेचं उत्पन्न मजुरीतच जातं. म्हणून माणूस आवाज न करणाऱ्या बंदुकीकडे वळतो. ती त्याची निकड आहे, आणि ती निकड बंदूक विकणारे पुरेपूर ओळखून आहेत.

कायद्याने शेतकऱ्याला अगदीच वाऱ्यावर सोडलेलं नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या १३ व्या कलमात पीक राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची सोय आहे. कोकणात त्या बंदुका गावोगाव आहेत आणि त्या मोठा आवाज करतात. पण निवडणूक आली की त्या पोलीस ठाण्यात जमा, मग पीक शेतात उभं का असेना. शेतीचं नुकसान करणाऱ्या रानडुकरासाठी वन्यजीव कायद्याच्या ११ व्या कलमाखाली वनखात्याकडून परवानगी मिळू शकते. वन्यप्राण्यांनी केलेल्या पीकनुकसानीची भरपाईही आहे. पण पंचनाम्यासाठी खेपा घालाव्या लागतात, आणि खाली पडलेली फळं कुजून जाण्याआधी साहेब बागेत पोचले पाहिजेत.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. राखणीला मजुरी द्या. १९७७ साली याच महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा केला आणि देशाला वाट दाखवली. त्याच महाराष्ट्राने हंगामाचे चार महिने वाडीवाडीत राखणदार नेमून त्यांची मजुरी रोजगार हमीतून द्यावी. गावातल्या चार माणसांना काम मिळेल, बागा राखल्या जातील, वानरं जिवंत रानात जातील. जे राखणीतूनही गेलं त्याचा पंचनामा ठराविक दिवसांत झालाच पाहिजे, नाहीतर उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला लेखी जाब द्यावा लागला पाहिजे. पीक राखणीच्या बंदुका निवडणुकीत सरसकट जमा करू नका. ज्याच्यावर गुन्हा नाही आणि ज्याचं पीक उभं आहे, त्याची बंदूक त्याच्या घरात राहू द्या.

आणि बागायतदारांनो, पाच-दहा हजार मुक्या बंदुकीवर घालण्याआधी पुढच्या ग्रामसभेत या मागण्यांचा ठराव मांडा. सगळ्या वाड्यांच्या सह्या घ्या, तो तहसीलदार आणि वनक्षेत्रपाल दोघांच्या हातात द्या आणि पोच घेतल्याशिवाय घरी येऊ नका. चोरून झाडलेल्या छर्‍याची कुठेच नोंद होत नाही. दोनशे सह्यांच्या ठरावाला उत्तर द्यावंच लागतं.