निष्काम भांडण

पुण्यात दोन गाड्या एकमेकींना चाटून गेल्या, की दोन्हींचे दरवाजे एकदमच उघडतात. आधी उतरेल तो फिर्यादी, मागाहून उतरेल तो आरोपी, हा इथला अलिखित कायदा. त्यामुळे मुरलेला माणूस हँडब्रेक ओढायच्या आधी पाय रस्त्यावर टेकवतो.

उदाहरणादाखल नळ स्टॉप घेऊ. संध्याकाळी सातची वेळ, डोक्यावर उड्डाणपूल, त्याच्या डोक्यावर मेट्रो आणि सगळ्यांच्या खाली आपण. पुढे मोतिया पांढरी हॅचबॅक, मागे करडी एसयूव्ही. सिग्नल पिवळा झाला आणि हॅचबॅकमधल्या काकांनी, काय बुद्धी झाली कोण जाणे, ब्रेक मारला. नुकसान म्हणाल तर काकांच्या मागच्या बंपरला वीतभर चीर आणि एसयूव्हीच्या पुढच्या बंपरवर पांढरा पट्टा. कोणाला खरचटलंसुद्धा नाही. भांडायला याहून निर्मळ वातावरण मिळत नाही.

"काका, ब्रेक का मारला?"

"पिवळा दिवा लागला होता."

"पिवळ्याला कोण थांबतं?"

"मग पिवळ्याला काय करतात?"

"निघतात!"

कायदा इथे काकांच्या बाजूने आहे. मोटार वाहन चालनाचे २०१७ चे विनियम सांगतात, की पुढची गाडी अचानक थांबली तरी आपल्याला सुखरूप थांबता येईल एवढं अंतर मागच्याने राखायचं. नियम उत्तमच आहे. पण कर्वे रस्त्यावर असं अंतर राखून बघा. त्या अंतरात आधी एक स्कूटर शिरते, मग रिक्षा, मग त्या दोघांमध्ये अंतर दिसलं म्हणून आणखी एक स्कूटर. नियम पाळणारा हळूहळू मागे मागे जात डेक्कनला पोहोचतो.

तोवर न्यायपीठ जमलेलं असतं. या न्यायपीठाला वेतन नाही, सुट्टी नाही आणि घरी जायची घाईही नाही. त्याचे निकष ठरलेले आहेत. मोटार आणि दुचाकी असेल तर चूक मोटारीची. दुचाकी आणि पादचारी असेल तर चूक दुचाकीची. रिक्षा असेल तर चूक दुसऱ्याची. दोन्ही मोटारीच असल्या तर नंबरप्लेट बघायची: एक एमएच बारा आणि दुसरी एमएच चौदा निघाली, की "चौदा आहे ना, मग बरोबर" एवढ्यावर सुनावणी आटोपते. चालवणारी बाई असेल तर सुनावणीचीही गरज उरत नाही. तिला मागून येऊन ठोकणारा इसमसुद्धा जाताना गाडी कशी चालवावी हे तिला शिकवून जातो. प्रस्तुत प्रकरणात दोघेही बारा, दोघेही पुरुष, त्यामुळे पंचाईत झाली आणि खटला लांबला.

"मी तीस वर्षं गाडी चालवतोय," काका म्हणाले.

"म्हणूनच म्हणतो, आता बास करा," एसयूव्हीवाला म्हणाला.

मग मेहुणे निघाले. एकाचा मेहुणा पोलिसात, दुसऱ्याचा मंत्रालयात. मग मोबाइल निघाले. काकांनी एसयूव्हीचे चारही बाजूंनी फोटो काढले, नंबरप्लेटचा जवळून काढला आणि जागच्या जागी सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. मागच्या बसने हॉर्नवर हात ठेवला तो उचललाच नाही.

खरी न्यायालयं दोष टक्क्यांत वाटतात. २०२५ साली सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात महामार्गावर इशारा न देता अचानक ब्रेक मारणाऱ्या मोटारचालकाला पन्नास टक्के, मागून आलेल्या बसच्या चालकाला तीस टक्के आणि दुचाकीवरच्या तरुणाला वीस टक्के जबाबदार धरलं. अपघात २०१७ चा होता. त्यात त्या तरुणाचा पाय गेला, त्यामुळे त्यावर गंमत करायची नाही. पण आठ वर्षांनी का होईना, तिथे कोणाचा किती दोष हे ठरण्याला अर्थ होता. त्यावर कोणाची तरी भरपाई अवलंबून होती.

नळ स्टॉपवर तसं काहीच अवलंबून नसतं. आपल्याच गाडीच्या नुकसानीसाठी जे कवच आपण घेतो, ज्याला विमेवाले 'ओडी' म्हणतात, त्यात चूक कोणाची याला स्थानच नाही. लायसन्स असावं, पोटात दारू नसावी, पॉलिसी चालू असावी. मग चूक शंभर टक्के तुमची असो वा समोरच्याची, मिळायचे तेवढेच मिळतात.

बरं, समोरच्याच्या विम्यातून वसूल करायचं म्हणाल तर तीही सोय आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६ प्रमाणे थर्ड पार्टी विमा प्रत्येकाला सक्तीचा, आणि खासगी मोटारीच्या पॉलिसीत दुसऱ्याच्या मालमत्तेसाठी साडेसात लाखांपर्यंतची तरतूद असते. फक्त त्यासाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज करायचा, वकील द्यायचा, पोलिसांचे कागद जमवायचे आणि तारखा घ्यायच्या. आठ हजारांच्या बंपरसाठी हे करणारा माणूस अजून जन्मायचा आहे. (सदाशिव पेठेत एखादा असेल, पण तो निकालासाठी नव्हे, तत्त्वासाठी गेला असेल.)

तेव्हा लक्षात घ्या. चाळीस मिनिटं वाहतूक अडवून, रक्तदाब वाढवून, दोन मेहुणे कामाला लावून जो प्रश्न तिथे सोडवला जातो, त्याच्या उत्तराला कुठेही एक पैसा मिळत नाही. भगवंतांनी कुरुक्षेत्रावर फळाची आस सोडायला सांगितलं ते अर्जुनाला कितपत जमलं ठाऊक नाही, पण पुणेकर मोटारचालकाला ते साधलेलं आहे.

आता पुढचा अंक, वर्कशॉपचा. इथे क्लेम फॉर्म भरायचा असतो आणि रस्त्यावरच्या माणसाचं रूपांतर साहित्यिकात होतं. फॉर्मवर अपघातावेळचा वेग विचारला असेल, तर तिथे ताशी तीस किलोमीटरच्या वर कोणी गाडी चालवल्याची नोंद सापडायची नाही. त्याखाली 'अपघाताचे वर्णन' असा रकाना. काका सरसावून बसले. मुद्दे तयार होते, फोटो तयार होते.

सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरने त्यांना हळूच थांबवलं. "सर, समोरच्या गाडीचा नंबर टाकला, की त्या गाडीचं नुकसान किती, ड्रायव्हर कोण, पोलिसांत कळवलं का, सगळे प्रश्न येतात. कुत्रं टाकू का?"

कुत्रं हा महाराष्ट्रातल्या विमा वाङ्मयाचा नायक आहे. तो आडवा येतो, चालक त्याला वाचवतो आणि गाडी दुभाजकाला किंवा खांबाला लागते. कुत्र्याला आरसी बुक नसतं, लायसन्स नसतं, मेहुणा नसतो. शिवाय तो दर वेळी वाचतो, त्यामुळे चालकाच्या भूतदयेचीही नोंद होते. सगळ्या क्लेम फॉर्मांवर विश्वास ठेवायचा तर या कुत्र्यांना दिवसभर दुसरा उद्योगच नसावा. खोटी माहिती दिली तर दावा फेटाळता येतो, हे त्याच फॉर्मवर बारीक अक्षरात छापलेलं असतं. पण चष्मा गाडीत राहिलेला असतो.

काकांची अडचण अशी, की कुत्रं मागून आडवं येत नाही. म्हणून 'गाडी पार्क केली असता अज्ञात वाहनाने मागून धडक दिली' हे दुसरं अभिजात वाक्य त्यांनी लिहिलं. अज्ञात! ज्या वाहनाचा नंबर सोसायटीतल्या ऐंशी कुटुंबांना पाठ झाला होता, ते.

योगायोगाने अज्ञात वाहन पलीकडच्याच बेमध्ये उभं होतं. त्याच्या फॉर्मवर अर्थातच कुत्रं होतं, दुभाजकही होता. सर्व्हेअर दोन्हींचे फोटो काढत होता. एसयूव्हीच्या बंपरवरचा पांढरा पट्टा त्याने नखाने खरवडला आणि म्हणाला, "दुभाजकाला हल्ली मोतिया रंग देतात वाटतं." कोणीच काही बोललं नाही. त्याने फोटो काढला आणि पुढे गेला. त्याला दिवसभरात अजून बरीच कुत्री तपासायची होती.

त्याने मांडून दिलेला हिशेब मात्र चोख होता, आणि खरी धडक काकांना तिथे बसली. बंपर पाच हजार, रंगकाम तीन हजार, एकूण आठ. बंपर प्लास्टिकचा, म्हणून निम्मा घसारा: अडीच हजार गेले. रंगकामाच्या बिलात पाव भाग रंगाच्या मालाचा धरतात आणि त्यावरही निम्मा घसारा: आणखी ३७५. पंधराशे सीसीपर्यंतच्या गाडीला पहिले हजार रुपये मालकाने सोसायचे. हाती आले ४,१२५.

काकांना एनसीबी होता, म्हणजे क्लेम न केल्याचं बक्षीस. पाच वर्षं गाडीला कोणी बोट लावू दिलं नाही म्हणून ओडीच्या हप्त्यात पन्नास टक्के सूट: आठ हजारांऐवजी चार. क्लेम केला की सूट शून्यावर येते, आणि मग दरवर्षी वीस, पंचवीस, पस्तीस, पंचेचाळीस अशा पायऱ्या चढत पन्नासवर परत जायचं. मूळ हप्ता आठ हजारच राहतो असं धरलं, तर जास्तीचे भरायचे चार हजार, मग २,४००, मग दोन हजार, बाराशे, चारशे. बेरीज दहा हजार. ४,१२५ रुपये मिळवण्यासाठी दहा हजार मोजायचे, आणि तेही आपली काही चूक नसताना. काकांनी क्लेम मागे घेतला आणि आठ हजार खिशातून भरले.

एजंटला हे कळल्यावर तो संध्याकाळीच घरी आला. "काका, पुढच्या वर्षी एनसीबी प्रोटेक्ट घेऊन टाका. क्लेम केला तरी सूट जात नाही."

"म्हणजे विमा न वापरल्याच्या बक्षिसाचा विमा?"

"तसं समजा. हप्ता थोडासाच वाढतो."

"आणि समजा वर्षभर क्लेमच केला नाही, तर त्या वाढीव हप्त्याचं काय?"

"मग तुमची सूट शाबूत राहिली ना!"

"ती तशीही राहिलीच असती."

"बघा," एजंट पावती फाडत म्हणाला, "म्हणजे दोन्हीकडून सुरक्षित."