पाटीवर आंबेगाव, शोधात भीमाशंकर

घोडेगावच्या पुढे होमस्टे काढायचा आणि वेबसाइटवर ठळक अक्षरांत 'आंबेगावातील निसर्गरम्य मुक्काम' असं लिहायचं, म्हणजे आलेलं गिऱ्हाईक स्वतःच्या हातानं परत पाठवायचं. कात्रजजवळ आंबेगाव बुद्रुक आहे. इंटरनेटवर 'आंबेगाव' टाइप करणाऱ्यांत तिथं भाड्यानं फ्लॅट शोधणारेही असतात. आपल्या तालुक्याला ज्या गावाचं नाव मिळालं, ते जुनं आंबेगाव तर डिंभे धरणाच्या पाण्यात गेलं; तालुक्याचं ठाणं घोडेगावला आहे. सुट्टीला निघालेला मुंबईकर तालुक्याचं नाव कशाला शोधेल? त्याला भीमाशंकरला जायचंय. भीमाशंकर खेड तालुक्यात असलं तरी मंचर-घोडेगावचा रस्ता तुमच्या दारावरून जातो. मग तसं लिहा!

जुन्नरचीही तीच गत. 2018 साली सरकारनं जुन्नर पर्यटन तालुका जाहीर केला. शिवनेरी, लेण्याद्री, ओझर, माळशेज, नाणेघाट, एवढं वैभव एका तालुक्यात. पण नाणेघाटाजवळ खोल्या देणारा पानभर सातवाहनांवर लिहितो, आणि पावसाळ्यात येणारी पोरं शोधतात 'रिव्हर्स वॉटरफॉल'. कड्यावर आदळणारा वारा पाणी वर फेकतो, ते त्यांना पाहायचंय. त्यांना आधी तुमच्या दारात येऊ द्या. नागनिकेचा दोन हजार वर्षांपूर्वीचा शिलालेख आणि जकातीचा म्हणून सांगितला जाणारा दगडी रांजण मग दाखवा. पाहिल्यावर तेही थक्क होतील. ओझरवाल्यांनी 'विघ्नहर' आणि 'अष्टविनायक' लिहायलाच हवं, कारण विमानतळाचं ओझर नाशिक जिल्ह्यात आहे.

गिऱ्हाइकाच्या तोंडचे हे शब्द कळायला ज्योतिषी लागत नाही. कोणता शब्द किती शोधला जातो ते सांगणारं गूगलचं कीवर्ड प्लॅनर फुकट आहे. जाहिरातींचं खातं उघडावं लागतं, जाहिरात द्यावीच लागते असं नाही. पैसे न भरणाऱ्याला नेमका आकडा दिसत नाही, 'एक हजार ते दहा हजार' असा पल्ला दिसतो. आपल्या कामाला तेवढा पुरे. गूगल ट्रेंड्स कोणत्या महिन्यात काय शोधलं जातं ते दाखवतं. तिथला 100 म्हणजे शंभर माणसं नव्हेत. त्या काळातला सर्वांत जास्त शोध म्हणजे 100. आणि स्वतःची वेबसाइट असेल तर सर्च कन्सोल सांगतं, लोक कोणते शब्द टाकून तुमच्यापर्यंत पोचले. पावसाळ्याचं पान मे महिन्यात तयार हवं, द्राक्षांचं डिसेंबरात. जुलैत जागं होणाऱ्याचा हंगाम निघून गेलेला असतो.

आता दोन खोट्या समजुती मोडू. प्लॅनरमध्ये 'कॉम्पिटिशन' म्हणून जो रकाना असतो, तो जाहिरातदारांमधली चढाओढ सांगतो. फुकटच्या निकालांत वर येणं सोपं की अवघड, हे त्यावरून कळत नाही. दुसरी समजूत महागात पडणारी आहे: 'महिना एवढे द्या, पहिला नंबर पक्का.' पहिल्या नंबरची हमी कुणीच देऊ शकत नाही, हे खुद्द गूगल सांगतं. पानाच्या पोटात कीवर्डची लपलेली यादी भरून त्याचे पैसे घेणारे तर सरळ फसवतात. ती यादी आपण क्रमवारीसाठी वापरत नाही, हे गूगलनं 2009 सालीच जाहीर केलंय. वीस ओळींत तीस वेळा 'बेस्ट रिसॉर्ट' कोंबल्यानं पान वर येत नाही, उलट खाली जातं.

आकडा मोठा म्हणून शब्द आपला, हेही खरं नाही. 'जुन्नर बिबट्या' शोधणारा बातमी वाचतो, खोली घेत नाही. 'नारायणगाव टोमॅटो बाजारभाव' शोधणारा शेतकरी आहे. त्याला हुरडा पार्टीची जाहिरात दाखवून काय मिळणार? 'लेण्याद्रीजवळ कुटुंबासह मुक्काम, घरचं जेवण' असं शोधणारे थोडे असतील, पण ते पिशवी भरूनच बसलेले असतात. लहान धंद्यानं तोच लांब शब्द धरावा.

आणि साधनाची मर्यादाही ओळखा. जे लोकांना ठाऊक आहे, तेच ते शोधतात. आहुप्याचा कडा, हातवीजचा पाऊस, आदिवासी बायका रानातून गोळा करून आणतात तो बाळहिरडा, यांच्यापुढे प्लॅनर बारीक आकडा दाखवेल. म्हणून ते लिहायचंच नाही? भीमाशंकरसाठी आलेल्या माणसाला आहुप्याची वाट तुम्हीच दाखवायची. लोक काय मागतात ते यंत्र सांगेल. आपल्याकडे द्यायला काय आहे, हे गावालाच सांगावं लागेल.

तेव्हा मंडळी, एजंटला हप्ता देण्याआधी घरातल्या शिकलेल्या पोराला किंवा पोरीला शेजारी बसवा. आलेल्या दहा पाहुण्यांना विचारा, 'आम्हाला शोधताना काय टाइप केलं होतं?' ते शब्द प्लॅनरमध्ये घालून बघा. मग स्वतःच्या भाषेत खरं पान लिहा: रस्ता कुठून, एसटी कुठवर, जेवणात काय, दर किती, पावसात कड्याच्या किती जवळ जायचं नाही. हे काम तुमच्या घरात होण्यासारखं आहे. परक्याला त्याचे पैसे मोजू नका.