ताजं असेल तरच

आमच्या गुंड्यासाठी आई रोज बिनमिठाचा चिकन-भात शिजवते. त्यात गाजर, भोपळा, वर चमचाभर दही. लॅब्रेडॉर घरात आणायला खरं तर तिचाच विरोध होता. आता मला रात्रीची पोळी आणि त्याला गरम भात, अशी घराची व्यवस्था आहे. त्यामुळे सोसायटीच्या आवारात आपलं काम उरकून गुंड्या मागे वळला आणि तेच त्यानं मटकावलं, तेव्हा तिला किळस आली नाही, अपमान वाटला. "माझ्या हातचं जेवून वर हे?"

बातमी दुपारपर्यंत सगळ्या विंगांत पोचली. "उपाशी ठेवता का हो त्याला?" हा प्रश्न लोक इतक्या मायेनं विचारतात की उत्तर देणाऱ्यालाच आपला संशय यावा. मग उपाय आले. अननस घाला. पपई घाला. भोपळा घाला. (भोपळा होताच.) एकानं खास पावडर आणून दिली. ती जेवणात मिसळली की शी चवीला वाईट होते म्हणे. म्हणजे एरवी ती बरी लागते, हे पावडरवाल्यांना मान्य होतं तर!

गुंड्याचे डॉक्टर मात्र शहाणे निघाले. पोटात जंत असतील, स्वादुपिंडातून पाचकरस कमी येत असतील, मधुमेह असेल, स्टेरॉइडच्या गोळ्यांनी भूक भडकली असेल. आधी हे तपासू, म्हणाले. "उद्या शीचा नमुना घेऊन या." आता, ज्या वस्तूवर कुत्र्याचा डोळा आहे तीच त्याच्या आधी मिळवायची! सकाळी मी डबी घेऊन त्याच्या मागे वाकून उभा, तो मान वळवून माझ्याकडे बघतोय, आणि दोघांच्याही मनात एकच. नमुना शेवटी मिळाला. त्यात काही निघालं नाही.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या बेंजामिन हार्ट या पशुवैद्यक संशोधकानं सहकाऱ्यांसह २०१८ साली कुत्र्यांच्या शी खाण्यावर एक निबंधच प्रसिद्ध केला आहे. हजारो मालकांना प्रश्नावल्या पाठवून त्यांनी माहिती जमवली. १६ टक्के कुत्री हा उद्योग वारंवार करताना दिसलेली होती. आहार, वय यांचा संबंध सापडला नाही. खादाडपणाचा मात्र सापडला. ही सवय मोडण्यासाठी बाजारात मिळणाऱ्या ११ उत्पादनांचं यश शून्य ते दोन टक्के. एवढ्या मतांत उमेदवाराची अनामत जप्त होते. पावडरचा डबा मात्र पुढच्या महिन्यात पुन्हा विकला जातो.

त्यातलं मला आवडलेलं पुढेच आहे. खाणाऱ्या बहुतेक कुत्र्यांना दोन दिवसांच्या आतली ताजी शीच लागते. हार्ट यांचा अंदाज असा, की लांडग्यांच्या कळपात एखादा आजारी प्राणी गुहेजवळच घाण करायचा. त्यातली जंतांची अंडी रोग पसरवण्याजोगी व्हायला दोनेक दिवस लागतात. त्याआधीच खाऊन टाकली की घर स्वच्छ. म्हणजे गुंड्या बिचारा पिढीजात सफाई खात्यात नोकरीला आहे. हे आईला सांगितलं. तिनं विचार केला आणि म्हणाली, "शिळं खात नाही ना? मग वळण आहे त्याला."

पण दुसऱ्या कुत्र्याची शी खाल्ली तर जंत येऊ शकतात, पार्वोसारखा आजारही. म्हणून सवय मोडणं भागच होतं. ओरडून उपयोग नसतो. ओरडलं की पुढच्या वेळी कुत्रं पुरावा अधिक चपळाईनं नष्ट करतं. पट्टा आखूड धरायचा, काम झाल्याबरोबर उचलायचं, आणि "सोड" म्हटल्यावर त्यानं तोंड वळवलं की चिकनचा तुकडा द्यायचा. बस. यात अननसाला कुठेच जागा नाही.

गुंड्या "सोड" फार लवकर शिकला. त्यातला व्यवहार तर त्याहून लवकर. आता तो भटक्या कुत्र्यांनी केलेलं हुडकतो, तोंड न लावता शेजारी बसतो आणि माझ्या खिशाकडे बघतो. पार्किंगमागे, जनरेटरपाशी, बाकाखाली, जिथे झाडूवाल्याचीही नजर जात नाही तिथे. मी तुकडा देतो, पिशवी काढतो, उचलतो. परवा सोसायटीचे अध्यक्ष वरच्या गॅलरीतून आमच्याकडे कौतुकानं बघत होते. "मागच्या गेटपाशीपण आहे हो," त्यांनी वरूनच सांगितलं.