एकादशीचं अंडं

तिसरीच्या वर्गाला दात का किडतात हे शिकवायला मी अंडं घेऊन गेलो. कवचातही कॅल्शियम, दातातही कॅल्शियम. अंडं लिंबाच्या रसात ठेवलं की कवचावर बुडबुडे येतात, ते विरघळू लागतं. तोंडातले जंतू साखर खाऊन आम्ल तयार करतात आणि ते दाताचं काय करतं, हे लेकरांना डोळ्यांनी दिसावं, एवढाच हेतू. तारीख पाहिली होती. तिथी पाहिली नव्हती.

गाव नरसी नामदेव. संत नामदेवांचं जन्मस्थान. आषाढी करून आलेले वारकरी पुढच्या एकादशीला इथे परतवारीला येतात, तेव्हा कयाधूकाठी पाय ठेवायला जागा नसते. अशा गावात, एकादशीला, मी खिशातून अंडं काढलं.

"सर, आज एकादशी हाय न!"

पहिल्या बाकावरची मुलगी अशा आवाजात म्हणाली, की ते मी खाल्लंच आहे असं मला वाटलं. अंडं मुकाट्याने खिशात गेलं. मी खुर्चीवर बसलो. पुढचं सांगत नाही; पँट धुवायला टाकली.

पण हटतो कुठला! खडूही कॅल्शियमचाच. बुडवला लिंबात. एक बुडबुडा नाही. आमचा खडू जिप्समचा, त्याला लिंबाचं सोयरसुतक नाही, हे मला घरी गेल्यावर कळलं. वर्गाने निष्कर्ष तिथल्या तिथे काढला: दात किडत नसतात.

मधल्या सुट्टीत शिक्षकांत चर्चा झाली. "दुधाचे दात, पडायचेच आहेत," हे एक मत. "आईबापांनी पाहावं," हे दुसरं. मी तावातावाने सांगितलं, की सहाव्या वर्षी एकही दात न पडता मागे पक्की दाढ येते, घरचे तिलाही दुधाचीच समजतात आणि ती किडली की दुसरी येत नाही. साखर किती खाल्ली यापेक्षा किती वेळा खाल्ली हे महत्त्वाचं. रात्री झोपताना ब्रश हवाच, पेस्ट फ्लोराइडची, वाटाण्याएवढी. सगळे गप्प झाले. विजयाने मी गोळी तोंडात टाकली.

बरोबर उत्तराला गोळी, ही माझ्या वर्गाची दहा वर्षांची पद्धत. एक लेकराला, एक मला. म्हणजे दिवसातून आठ-दहा वेळा आम्लाची सोय मीच करत होतो, त्यांच्याही आणि माझ्याही तोंडात.

दुपारी शेवटचा उपाय म्हणून मी स्वतःच 'आ' केला. मोबाइलच्या उजेडात रांग लागली. त्याच मुलीने मोजलं, "चार काळे, सर. एकात भोक हाय." एवढा एकाग्र वर्ग मी कधी पाहिला नव्हता.

गोळ्यांचा डबा आता रिकामा आहे. बरोबर उत्तराला खोडरबर मिळतो. रूट कॅनालसाठी हिंगोलीला सोमवारी बोलावलंय. तिथी पाहून घेतली. द्वादशी आहे.